चैत्र-वैशाखांतील शेत

मागील अंकांत आम्हीं भाताच्या झोडणीविषयीं चार शब्द लिहिले होते. ते वाचून नोकरीनिमित्त मुंबईस राहणाऱ्या एका वाचकांनीं आम्हांस पत्र पाठविलें आहे. पत्र मोठ्या सौजन्याचें आहे, परंतु त्यांतील प्रश्न मासलेवाईक आहे. ते विचारतात, "भात दिवाळीच्या सुमारास घरांत येतें, पाऊस जूनमध्यें लागतो, मग मधल्या काळांत, विशेषतः चैत्र-वैशाखांत, कोंकणांतील शेतकरी करतो तरी काय?" त्यांच्या वाडवडिलांची थोडी जमीन रत्नागिरी जिल्ह्यांत आहे. ती ठेवावी कीं विकावी या विवंचनेंत ते आहेत, व त्या विवंचनेंतूनच हा प्रश्न निघाला आहे. प्रश्न त्यांच्या एकट्याचा असता तर आम्हीं खासगी उत्तर देऊन मोकळे झालों असतों. परंतु ज्यांचीं घरें शहरांत आणि सातबारा गांवांत अशीं शेंकडों कुटुंबें हें मासिक वाचतात, आणि त्यांपैकीं पुष्कळांची समजूत अशीच आहे कीं, वसंत ऋतु हा शेताच्या निजेचा काळ होय.

या समजुतीस कवींनींही थोडा हातभार लाविला आहे. वसंत म्हटला कीं आम्रमंजरी, कोकिळ आणि दक्षिणेचा वारा हीं यावयाचींच. कालिदासाच्या नांवावर असलेलें 'ऋतुसंहार' काव्य ग्रीष्मापासून निघून सहाव्या सर्गांत वसंतापाशीं येऊन थांबतें. जणूं वर्षभराचे कष्ट संपले व आतां उत्सव सुरू झाला. शेतकऱ्याचा हिशेब याच्या उलट आहे. त्याचा संवत्सर पाडव्यास आरंभतो तो केवळ पंचांगांत नव्हे, शेतांतही. कवींचा मोहोर आमच्याकडे मार्गशीर्ष-पौषांतच फुटून गेलेला असतो. चैत्रांत झाडावर फळ असतें आणि फळावर वानरांची नजर असते. आणि पावसाळ्यांत जें हिरवेंगार दिसतें त्याचें बरें-वाईट या कोरड्या, तापलेल्या दोन महिन्यांत ठरून गेलेलें असतें.

आमची जमीन राजापूर तालुक्यांत आहे. एकंदर चार एकर बारा गुंठे. त्यांत दीड एकर भाताचे कोपरे, उतारावर चाळीस-पंचेचाळीस हापूसचीं कलमें व कांहीं काजू, आणि विहिरीच्या अंगास नारळ-पोफळीचें लहानसें आगर. गोठ्यांत आज एक गाय आहे. बैल गेले, त्यांच्या जागीं शेजाऱ्याचा पॉवर टिलर भाड्यानें येतो. पराशरस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत ब्राह्मणास शेती करण्याची मोकळीक दिली आहे. पण नांगरास आठ बैल असावेत तें धर्माचें, असेंही तेथें म्हटलें आहे. आमचे आजोबा हें सांगून हंसत व म्हणत, "आपल्या गोठ्यांत दोन, म्हणजे आपण चार आणे धार्मिक." असो.

शिमग्याची पालखी देवळांत परत गेली कीं पहिलें काम भाजावळीचें. ज्यांनीं ती कधीं पाहिली नाहीं त्यांच्याकरितां थोडें विस्तारानें सांगतों, कारण या दोन महिन्यांतील सर्व कामांत तें मुख्य. भाताचीं रोपें प्रथम एका लहान तुकड्यांत वाढवितात. त्यास तरवा म्हणतात. एक एकराच्या लावणीस सुमारें चार गुंठे तरवा लागतो, म्हणजे आमच्या दीड एकरास सहा गुंठे. या सहा गुंठ्यांवर अगोदर शेणी-गोवर पसरावयाचा, त्यावर ऐन-किंजळीच्या छाटलेल्या फांद्यांचें वाळलेलें कवळ, त्यावर पातेरा व गवत, आणि सर्वांवर बारीक मातीचा पातळ थर. माती कशास, असें कित्येक विचारतात. ती नसेल तर आग भडकून क्षणांत विझते आणि राख वाऱ्यावर उडून जाते. ती असली म्हणजे विस्तव आंतल्या आंत धुमसत राहतो व खालची जमीन खोलवर तापते. विस्तव लावण्याची वेळ दुपारचा समुद्रावरचा वारा पडल्यानंतरची, दिवेलागणीच्या सुमाराची. वारा ज्या अंगास वाहत असेल त्या टोकाकडून विस्तव लावावा, म्हणजे आग वाऱ्याच्या उलट, एक एक पाऊल मागें सरकत येते. चारही बाजूंस माणसें ओले टहाळ व पाण्याच्या घागरी घेऊन उभीं असतात, कारण शेजारीं कोणाची काजूची बाग असते व एक ठिणगी पुरे होते. रात्रीं दहा-अकरापर्यंत तेथून हलतां येत नाहीं. पडवींत खुर्ची टाकून होणारें हें काम नव्हे.

या राबाचा वाद जुना आहे. झाडें तोडून जाळावयाचीं, ही शेती कसली, असें जंगलखात्यास वाटे. आणि कवळावांचून भात होत नाहीं, अशी शेतकऱ्यांची हाकाटी. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलांविषयींच्या तक्रारींचा विचार करण्यास मुंबई सरकारनें १८८५ सालीं एक कमिशन नेमलें, त्याच्यापुढेंही राबाचा प्रश्न होता. हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करून डॉ. व्होएल्कर यांनीं १८९३ सालीं अहवाल प्रसिद्ध केला, त्यांतही राबाची चर्चा आहे. पुढें पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह राबावर स्वतंत्र प्रबंध लिहून तो १९१२ सालीं छापला. अडाणी कुणब्याची रूढि म्हणून जिला हंसावें, तिच्यावर रसायनशास्त्रज्ञांनीं प्रबंध लिहावा यांतच तिच्यांत कांहीं तथ्य असल्याची खूण आहे. माती तापल्यानें तणाचें बीं जळतें, कांहीं किडी मरतात, मातींतील नत्र रोपास चटकन् घेतां येईल अशा रूपांत येतें, आणि राखेंतून पालाश मिळतो. म्हणून राबावरचें रोप काळसर हिरवें, जाड आणि तणावांचून मोकळें निघतें.

तरीही आम्ही डोळे मिटून राबाचे पक्षपाती नाहीं. जें शेण व जो पाला कुजून जमिनींत जावयाचा तो धुरांत जातो, आणि वर्षानुवर्षें ओरबाडलेल्या ऐनास पुढें फांदीच फुटत नाहीं, हें आम्हीं आपल्या डोळ्यांनीं पाहिलें आहे. चारसूत्री पद्धतींत तरव्यास भाताच्या तुसाची काळी राख घालावयास सांगतात. तिच्यांतील सिलिकेनें रोपाचा कांडा कणखर होतो. लावणीच्या वेळीं गिरिपुष्पाचा ओला पाला चिखलांत गाडावयाचा, हेंही त्याच पद्धतींतलें एक सूत्र. आम्हीं गेलीं कांहीं वर्षें सहापैकीं तीन गुंठे भाजतों, तेंही केवळ पातेरा, गवत आणि बागेंतील छाटणीवर, एकही ऐन न तोडतां. उरलेल्या तीन गुंठ्यांत तुसाची राख घालून गादीवाफे करतों. गादीवाफ्यावर रोप चांगलें येतें, मात्र बेणणीस दोन बाया अधिक लागतात. आमच्या गड्यास हा तह मान्य नाहीं. तो भाजलेल्या तुकड्याकडे बोट दाखवून दरवर्षीं आषाढांत आम्हांस काय तें न बोलतां सांगतो.

आंब्याविषयीं फार लिहीत नाहीं. त्याविषयीं सर्वांस सर्व ठाऊक असतें. हापूसला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्यापूर्वीं १९९० पासून रोजगार हमीच्या जोडीनें फळबागांस सरकारी साहाय्य मिळूं लागलें, आणि पाहतां पाहतां कातळावरही खड्डे पडून कलमें लागलीं. इतकेंच सांगतों कीं, खाणाऱ्याचा आंबा पेटींत सुरू होतो आणि काढणाऱ्याचा पहाटे. उन्हें चढण्यापूर्वीं, चौदा आणे तयार झालेला आंबा झेल्यानें देंठासह उतरावयाचा. देंठ तुटला तर चीक सालीवर ओघळून डाग पडतो व त्या फळाची किंमत निम्म्यावर येते. फार तयार होऊं दिला तर आंत साका धरण्याचें भय, कोंवळा काढला तर आढींत सुरकुतावयाचें भय. मोठ्या बागांतून राखणीस आज नेपाळांतून आलेलीं माणसें असतात. आमच्यासारख्यांच्या बागेंत राखणदार म्हणजे आम्ही, एक रिकामा पत्र्याचा डबा आणि एक काठी. मे २०२१ मध्यें तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलें तेव्हां ऐन हंगामांतील फळ एका रात्रींत झाडाखालीं पडलें. सकाळीं बागेंत पाय ठेवावयास जागा नव्हती. त्या वर्षीं घर चाललें तें भातावर व काजूच्या बियांवर. एकाच पिकावर भिस्त ठेवूं नये म्हणून भाताचे कोपरे पड टाकूं नयेत, असें आम्ही बागाईतदार स्नेह्यांस सांगत असतों. ते आंब्याच्या पट्टीचा आंकडा दाखवून आमचें तोंड बंद करतात, आणि वादळाच्या वर्षीं भेटावयास येत नाहींत.

गडगे रचणें, वई घालणें, कौलें परतणें, लांकूडफाटा आंत घेणें, पाणी तळास गेलें कीं विहिरीचा गाळ काढणें, हीं कामें मधल्या मधल्या दिवसांत उरकावयाचीं. अक्षय्य तृतीयेस पडवळ-दोडक्यांचीं आळीं करून बीं टोंचावयाचें, हळद-सुरण लावावयाचें. रानडुकरांमुळें सुरणाची आशा आतां फारशी धरतां येत नाहीं.

परंतु या ऋतूचें खरें शेत अंगणांत असतें, आणि त्याचा हिशेब कोणीच मांडत नाहीं. रातांबे लाल झाले कीं आमच्या घरांतून पहाटे चारला दिवा लागतो. रातांबा फोडून साल निराळी, गर-बिया निराळ्या. गरास मीठ लावून त्याचा रस सुटतो. साल उन्हांत वाळवावयाची, पुन्हां त्या रसांत बुडवावयाची, पुन्हां वाळवावयाची, अशीं पुटें द्यावयाचीं, तेव्हां आमसूल काळें, मऊ व वर्षभर टिकेलसें होतें. एक पुट कमी दिलें तर श्रावणांत त्यास बुरशी धरते. उरलेला रस म्हणजे आगळ. बियाही वाळवून ठेवावयाच्या. त्यांच्या मुठेलानें पायांच्या भेगा भरून येतात. गेल्या वर्षीं आमच्या सात झाडांचीं अठरा किलो आमसुलें झालीं. तिकडे बरक्या फणसाचा रस गाळून फणसपोळी, काप्याचे गरे तळावयाचे, आंब्याचें साठ, पोह्यांचे पापड, सांडगे, चिंच फोडून तिचे गोळे. ढग दिसला कीं सर्व उचलून पडवींत, ऊन पडलें कीं पुन्हां अंगणांत. एका वळवाच्या सरीनें आठ दिवसांचें काम मातीस मिळतें. चैत्रगौरीचें हळदीकुंकू, आंब्याची डाळ आणि पन्हें हीं यांतच.

आमच्या घरांतून गेलीं बारा वर्षें एक वही ठेविली आहे. तींत किती किलो काय झालें, किती घरीं ठेविलें, किती आप्तांस वांटलें व किती विकलें हें लिहिलेलें असतें. एके रात्रीं आम्हीं सहज बेरीज मांडली. वादळाचें वर्ष सोडूनच द्या, पण आणखी तीन वर्षीं अंगणांतल्या जिनसांचें मोल आंब्याच्या निव्वळ उत्पन्नाहून अधिक भरलें. आम्हीं हें बोलून दाखविलें तेव्हां उत्तर मिळालें, "मग सातबाऱ्यावर अंगणाला वेगळं पान काढा." मे महिन्यांत जे आप्त येतात ते या अंगणांतूनच पिशव्या भरून नेतात. न्यावयाच्याच आहेत, त्यासाठींच तें केलेलें असतें. परंतु जिनसा नेणाऱ्यांस वाटतें कीं कोंकणांत त्या आपोआप होतात.

आतां मूळ प्रश्नाकडे वळतों. जमीन ठेवावी कीं विकावी? 'कृषिपराशर' नांवाचा शेतीवरचा एक जुना संस्कृत ग्रंथ आहे. त्यांत सांगितलें आहे कीं, घरांतील इतर कामें पाहिजे तर विश्वासाच्या माणसांवर सोंपवावीं, शेतीकडे मात्र धन्यानें स्वतः जावें. वैशाखांत बीं पेरणें उत्तम, ज्येष्ठांत मध्यम व आषाढांत अधम, असाही क्रम त्यांत लाविला आहे. तो क्रम आमच्या पावसास तंतोतंत लागू पडणार नाहीं, परंतु स्वतः जाण्याविषयींचें वचन कोंकणांतील प्रत्येक ब्राह्मणाच्या घरानें अनुभविलें आहे. तो अनुभव गोड नाहीं.

१९४८ चा कुळकायदा व त्यांतील दुरुस्तीनें ठरलेला १ एप्रिल १९५७ हा दिवस, यांचें नांव आमच्या वाचकवर्गांतील कित्येक घरांत अद्याप कडवटपणें निघतें. त्या दिवसापासून कसणारें कूळ हेंच कायद्यानें जमिनीचा खरेदीदार समजलें गेलें. आमच्या भाऊबंदांपैकीं एक शाखा तेव्हां दोन पिढ्या पुण्यास होती. वर्षास खंड येई, त्यापलीकडे त्यांस शेत म्हणजे काय तें ठाऊक नव्हतें. त्यांची बावीस एकर जमीन गेली. आमचे आजोबा तेवढे गांवीं होते. जी चार एकर बारा गुंठे ते स्वतः उभे राहून, चिखलांत उतरून करीत, तेवढी राहिली. कुळांकडे होती ती त्यांचीही गेली. त्या शाखेंतील वडील मंडळी शेवटपर्यंत म्हणत कीं आम्हांवर अन्याय झाला. आमचें मत आम्हीं त्यांच्यासमोर कधीं लपविलें नाहीं, तें येथेंही लपवीत नाहीं. पन्नास वर्षें ज्यानें चैत्रांत तरवा भाजला आणि आषाढांत लावणी केली त्याच्या नांवावर जमीन झाली. कित्येक विधवांचे व अल्प उत्पन्नाच्या घरांचे त्यांत हाल झाले, तें दुःख खरें आहे. परंतु एकंदर न्यायाचें माप उलट बाजूस पडत नाहीं.

आज कूळ नाहीं, तरी तोच प्रसंग निराळ्या वेषानें आला आहे. आतां जमीन कसणाराकडे जात नाहीं. ती वांटण्यांत विरघळते, पड राहते व एके दिवशीं विकली जाते. वर ज्यांचें नांव आलें त्याच डॉ. मॅन यांनीं पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी करून १९१७ सालीं पुस्तक छापलें. त्यांत दाखविलें आहे कीं, १७७१ सालीं तेथें सरासरी धारण ४० एकरांची होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली. हल्लीं तो गांव पिंपरी-चिंचवड शहराचा भाग असून तेथें इमारती उभ्या आहेत. आमच्या सातबाऱ्यावर आज अकरा नांवें आहेत. भगिनींचीं व पुतण्यांचींही आहेत. १९५६ च्या वारसा कायद्यानें व २००५ च्या दुरुस्तीनें मुलींचा हक्क पक्का झाला, तें उचितच झालें. परंतु अकरा नांवांपैकीं चैत्रांत गांवीं असणारें नांव एकच, आणि त्या नांवाचें वय सदुसष्ट आहे. उरलेलीं दहा मे महिन्यांत येतात. तीं वाईट माणसें नव्हेत. नोकऱ्या, शाळा, परीक्षा यांतून त्यांस तेवढीच सवड मिळते. मात्र तीं येतात तेव्हां तरवा भाजून झालेला असतो, गडगे रचून झालेले असतात, आणि तीं परततात तेव्हां पाऊस लागलेला नसतो. सबब त्यांच्या डोळ्यांसमोर येतें तें आंब्याचें शेत. आंबा विकतही मिळतो, तेव्हां शेत विकलें तर काय गेलें, असा विचार त्यांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे.

आणि तो आला आहे. माघांत शहरांतील एका गृहस्थांनीं संबंध तुकडा विकत मागितला. आंकडा असा आहे कीं अकरा भाग केल्यावरही प्रत्येकाच्या घराच्या कर्जाचे बरेच हप्ते फिटतील. आमच्या धाकट्या बंधूंनीं फोनवर मोठ्या आर्जवानें सांगितलें, "दादा, तुमच्यामागें कोण करणार? तुम्ही असतांना विकलें तर निदान नीट वांटणी होईल." यांत दुष्टपणा नाहीं, व या प्रश्नास आमच्यापाशीं तयार उत्तरही नव्हतें. आम्हीं इतकेंच म्हटलें, "पाडव्याला या, मे महिन्यांत नको. भाजावळ पाहा, मग सह्या करूं."

पाडव्यास तिघें आलीं: बंधु, वहिनी आणि त्यांची मधली मुलगी, जी पुण्यास नोकरी करते व आठवड्यांतील तीन दिवस घरून काम करते. सकाळीं गुढी उभारून पंचांगांतील पर्जन्याचें फळ वाचलें, आणि चौथ्या दिवशीं सायंकाळीं तीन गुंठे भाजले. बंधूंनीं लहानपणानंतर तें प्रथमच पाहिलें. ते टहाळ घेऊन काजूच्या अंगास उभे होते. धुरानें डोळे लाल झाले तरी हलले नाहींत. आमचा गडी, जो आमच्याहून चार वर्षांनीं वडील आहे, विस्तव अर्ध्यावर आला तेव्हां म्हणाला, "मास्तर, आंब्याला वाटेकरी लय. तरव्याला कुनी वाटा मागत नाय." कोणीच कांहीं बोललें नाहीं. वहिनी दुसऱ्या दिवशींपासून अंगणांत बसल्या. वहीचीं जुनीं पानें त्यांनींच प्रथम चाळून पाहिलीं.

पत्र लिहिणाऱ्या वाचकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, मे महिन्याची सुटी एक वर्ष राखून ठेवावी आणि त्याऐवजीं पाडव्यापासून पंधरा दिवस गांवीं जाऊन राहावें. कूळ असेल तर त्याच्याबरोबर, नसेल तर शेजाऱ्याबरोबर सहा गुंठे भाजावे, एक गडगा रचावा. त्यानंतर विकावेंसें वाटलें तर विकावें. तें जाणून विकणें होईल. केवळ भाव चांगला आला म्हणून, अथवा केवळ पूर्वजांची म्हणून, या दोन्ही कारणांस आम्ही सारखेंच हलकें समजतों.

आमच्या तुकड्याचा निकाल अद्याप लागलेला नाहीं. अकरांपैकीं सहा नांवें विकण्याच्या बाजूचीं आहेत, तीन गप्प आहेत. घेणाऱ्या गृहस्थांस पावसापूर्वीं उत्तर हवें होतें. त्यांस दसऱ्यापर्यंत थांबावयास सांगितलें आहे, व तेवढ्यास सर्वांनीं संमति दिली आहे. पुतणी मात्र परत गेली नाहीं. माडीवरच्या खोलींत तिचें यंत्र मांडलेलें आहे. दिवसभर ती पुण्याच्या लोकांशीं बोलते व सायंकाळीं पायांत चपला न घालतां खालीं उतरते. सूर्य रोहिणी नक्षत्रांत २५ मेच्या सुमारास जातो. त्याआधीं बियाण्याची मुडी सोडून भात उन्हांत द्यावयाचें, मग मिठाच्या पाण्यांत घालून तरंगेल तें पोचट बीं काढून टाकावयाचें आणि राहिलेलें गोड्या पाण्यानें धुवून सावलींत सुकवावयाचें. यंदा हें काम तिनें अंगावर घेतलें आहे. दहा लिटर पाण्यास तीनशें ग्रॅम मीठ, हें प्रमाण तिनें काकूच्या वहींत, अंगणाच्या पानांमागें नवें पान काढून लिहून ठेविलें आहे.